स्वामित्वचिन्हांचा अर्थ आणि योग्य वापर

अध्यापकांची टिपणे, महाविद्यालयांची वार्षिके आणि स्थानिक वस्तूंची माहितीपत्रके यांवर ©, ™, ® ही चिन्हे पुष्कळदा केवळ शोभेसाठी छापली जातात. वस्तुतः प्रत्येक चिन्ह हे एक विधान आहे. ते खरे असेल तरच छापावे.

© हे कॉपीराइटचे चिन्ह होय. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 अन्वये मूळ लेखन सिद्ध होताच हक्क उत्पन्न होतो. त्यासाठी नोंदणी वा चिन्ह सक्तीचे नाही. चिन्ह द्यायचे असल्यास त्यापुढे प्रकाशनवर्ष व स्वामीचे नाव द्यावे. हा स्वामी नेहमी लेखकच असतो असे नाही. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा प्रथम स्वामी, वेगळा करार नसल्यास, संस्था ठरते (कलम 17). दुसऱ्यांचे उतारे एकत्र करून त्यांवर स्वतःचे नाव व © छापल्याने ते उतारे आपले होत नाहीत. मात्र परक्या पुस्तकावर © आहे म्हणून त्यातील उतारा वर्गात वापरताच येत नाही, हा समजही बरोबर नाही. अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना कलम 52 मध्ये सवलत आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये छायाप्रतींच्या खटल्यात तिचा व्यापक अर्थ लावला.

™ आणि ® यांचा संबंध व्यापारचिन्हाशी, म्हणजे मालाच्या किंवा सेवेच्या ओळखीशी आहे. ™ हा केवळ दावा असतो. त्याला नोंदणी लागत नाही. ® मात्र नोंदणी झाल्यावरच लावता येते. अर्ज केला, एवढे त्यासाठी पुरेसे नाही. नोंदणी नसताना चिन्ह नोंदणीकृत असल्याचे भासविणे व्यापारचिन्ह कायदा, 1999 च्या कलम 107 प्रमाणे बेकायदेशीर आहे.

आपल्या जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. मेणाच्या साच्यातून पितळ ओतून घडविल्या जाणाऱ्या 'आदिलाबाद डोकरा' कलेला 2018 मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. ही नोंदणी खरी. पण ती व्यापारचिन्हाची नाही. म्हणून या नावापुढे ® लावणे चूक ठरते. हे नाव एका दुकानदाराच्या मालकीचे नसून त्या प्रदेशातील उत्पादकांचे सामुदायिक धन आहे. कारागिरालाही या निर्देशनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेता येते. हा भेद विद्यार्थ्यांना समजला, तर माहितीपत्रक लिहिताना ते कारागिरांचा हक्क दुसऱ्याच्या नावे लिहिणार नाहीत.

निबंधात किंवा वृत्तलेखात एखाद्या मालाचा नुसता उल्लेख असेल, तर कोणतेही चिन्ह आवश्यक नाही. चिन्ह लावायचेच असल्यास हक्क कशाचा, तो कोणाचा आणि नोंदणी झाली आहे काय, हे आधी पाहावे.