जुना प्लग फेकण्यापूर्वी

हदगावातील व्यापारी कुटुंबाच्या मोटारगाडीचा दिनक्रम दोन टोकांचा असतो. एरवी ती घर ते दुकान एवढीच फिरते. मग एखाद्या पहाटे खरेदीसाठी नांदेड, नाहीतर लग्नकार्यासाठी उमरखेड, यवतमाळमार्गे थेट नागपूर. नेमकी त्याच पहाटे ती कुरकुरते. स्टार्टर दोन-तीनदा फिरवावा लागतो, उभ्या जागी इंजिन थरथरते, पिकअप मिळत नाही. गॅरेजमध्ये यालाच ‘गाडी मिसिंग करते’ म्हणतात. पेट्रोल किंवा सीएनजी गाडी असेल तर पहिला संशय स्पार्क प्लगवर घ्यावा. डिझेल इंजिनाला हा प्लग नसतोच.

आखूड फेऱ्यांत दोष का वाढतो? थंड इंजिनाला पेट्रोल जास्त दिले जाते आणि त्याची काजळी प्लगवर बसते. प्लगचे टोक सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापले की ती आपोआप जळून जाते; पण तेवढे तापण्याआधीच गाडी दुकानापुढे उभी राहते.

मिस्त्री जुने प्लग काढून बाजूला टाकतो आणि नवे बसवितो. येथे मालकाने थांबवावे. चारही प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडावयास सांगावे. ती इंजिनाची खतावणीच होय. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी चारही प्लगवर असेल, तर एअर फिल्टर तुंबला आहे का ते पाहावे, आखूड फेऱ्याही आठवाव्यात. पांढरे पडलेले, फोड आल्यासारखे टोक अतिउष्णतेची खूण. असा प्लग दिसल्यास गाडी लांब नेऊ नये. एकच प्लग तेलाने ओला असेल, तर तेल पिस्टनच्या रिंगवरून किंवा वॉल्व्हच्या सीलमधून उतरत असते. तेथे नवा प्लग म्हणजे काही दिवसांची उसनवारी.

दुर्लक्ष मात्र महाग पडते. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो निकामी होतो. त्याच्या किमतीत प्लगचे कितीतरी संच येतील.

बदलताना इंजिन पूर्ण थंड असावे. गरम ॲल्युमिनियम हेडचे आटे सहज खराब होतात. प्लगच्या खाचेतील धूळ आधी हवेने उडवावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग प्रथम हातानेच फिरवावा, पाना नंतर. वॉशर असलेला प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धा ते पाऊण फेरा पुरतो; जोर दाखविण्याची ही जागा नव्हे. फटीचे माप आणि प्लगचा क्रमांक गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. साधा प्लग सुमारे २० ते ३० हजार किलोमीटर चालतो, इरिडियमचा बहुधा लाखाच्या आसपास. इरिडियमचे बारीक टोक मात्र कधीही घासू नये.

जुने मिस्त्री आजही ‘मायकोचा प्लग’ मागतात. मायको ही १९५१ साली स्थापन झालेली बंगळूरची कंपनी, आजची बॉश. नावाजलेल्या मालाची नक्कलही निघते. बिल घेऊनच प्लग घ्यावा, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको. संच बदलल्यावर मीटरवरील किलोमीटर त्या बिलावरच लिहून ते गाडीतील पुस्तिकेत ठेवावे.