पंचवीस वर्षांचा प्रकाश

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे वर्गमित्र पंचवीस वर्षांनी एकत्र जमलो. यजमान मित्राने आपल्या गच्चीवर छोटी वेधशाळा उभारली आहे. वर पत्र्याचे सरकते छप्पर आणि आत २०० मिलिमीटर आरशाची दुर्बीण. छप्पर सरकवले, दिवे मालवले. डोळे अंधाराला सरावल्यावर त्याने दुर्बीण वायव्येकडील अभिजित ताऱ्यावर रोखली. निळसर पांढरा, तेजस्वी. पण दुर्बिणीतूनही केवळ एक बिंदूच!

"यात विशेष ते काय?" तिसऱ्याने विचारले.

"अंतर आठव," यजमान म्हणाला.

प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. तरीही अभिजितहून इथवर यायला त्याला सुमारे २५ वर्षे लागतात. म्हणजे आता आमच्या डोळ्यांत शिरणारे किरण तिथून निघाले, तेव्हा आम्ही एम.एस्सी.च्या निकालाची वाट पाहत होतो. आणि तेव्हा आम्ही चौघे होतो. चौथा मित्र गेल्या वर्षी वारला. कोणीच काही बोलले नाही. आळीपाळीने प्रत्येकाने पुन्हा एकदा पाहिले.

विद्यार्थी मित्रहो, या हिवाळ्यात व्याध पाहा. त्याचा प्रकाश सुमारे साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला असतो. तेव्हा तुम्ही कितवीत होता, शेजारी कोण बसत असे, ते आठवा.