पुसलेली फाईल खरोखरच पुसली जाते का?

प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याचे दिवस जवळ आले की खात्याच्या वर्षभराच्या उताऱ्याची गरज भासू लागते. घरी प्रिंटर नसेल तर आपण कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो, तेथील संगणकावर आपली ई-मेल उघडतो, उतारा उतरवून घेतो, पासवर्ड घालून तो उघडतो आणि छापतो. निघताना जागरूक ग्राहक ती फाईल काढून टाकण्याचा प्रयत्न करतो. तेव्हा पडद्यावर सूचना झळकते : ही फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी असल्यामुळे ही क्रिया पूर्ण करता येत नाही. पुन्हा प्रयत्न करावा, तर तेच उत्तर. मागे रांग ताटकळत असते. शेवटी फाईल तशीच सोडून आपण बाहेर पडतो.

उताऱ्याला पासवर्ड असतो हे खरे. परंतु अनेक ठिकाणी तो ग्राहकाचे नाव आणि जन्मतारीख यांतून तयार झालेला असतो आणि या दोन्ही गोष्टी माहीत असणारे लोक थोडे नसतात. म्हणून दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक ग्राहकाला ठाऊक असणे हिताचे आहे. संगणक फाईल काढू का देत नाही? आणि काढली, तरी ती खरोखर नाहीशी होते का?

संगणकाचा नकार

कार्यालयात एखादी नस्ती अधिकाऱ्याच्या टेबलावर उघडी असेल, तर अभिलेख विभागाचा कर्मचारी ती परस्पर उचलून रद्दीत टाकत नाही. विंडोज ही कार्यप्रणाली हाच शिष्टाचार पाळते. एखादा प्रोग्राम फाईल उघडतो, तेव्हा आपले काम चालू असताना इतरांनी तिला हात लावावा की नाही, हे तो कार्यप्रणालीला सांगू शकतो. त्याने मनाई केली असेल, तर फाईल काढण्याची आपली आज्ञा नाकारली जाते. अर्धवट लिहिलेला मजकूर बिघडू नये यासाठी ही व्यवस्था आहे. तो संगणकाचा दोष नव्हे.

पुष्कळदा फाईल धरून ठेवणारा प्रोग्राम आपल्याला दिसत नाही. खिडकी बंद केलेली असते, पण प्रोग्राम पार्श्वभूमीवर चालूच असतो. कधी विषाणूरोधक प्रणाली त्या फाईलची तपासणी करीत असते, तर कधी फोल्डरच्या कडेला दिसणारे पूर्वदर्शनच तिला उघडे ठेवते. छपाई पूर्ण होईपर्यंतही फाईल अडकून राहू शकते.

याखेरीज आणखी काही कारणे संभवतात. फाईलवर अधिकार दुसऱ्या वापरकर्त्याचा असू शकतो. फोल्डरच्या आत फोल्डर अशी उतरंड होऊन फाईलचा संपूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या जुन्या मर्यादेपलीकडे गेला, तरीही काही प्रोग्राम गोंधळतात. पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क सदोष असणे हेही एक कारण आहे. शेवटचे कारण सर्वांत गंभीर : ती फाईल एखाद्या घातक प्रोग्रामची असून तो स्वतःचे रक्षण करीत असणे.

अडून बसलेली फाईल कशी काढावी?

उपाय सौम्याकडून कठोराकडे या क्रमाने योजावेत.

१. फाईल ज्या प्रोग्राममध्ये उघडली होती तो पूर्णपणे बंद करावा. ती ब्राउझरमध्ये उघडली असेल तर ते पानही मिटावे. छपाई चालू असल्यास ती संपू द्यावी आणि मग पुन्हा प्रयत्न करावा.

२. एवढ्याने काम न झाल्यास संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. उपाय साधा आहे, परंतु बहुतेक कुलपे याच किल्लीने उघडतात, कारण फाईल धरून ठेवणारा प्रोग्रामच संपुष्टात येतो.

३. तरीही फाईल निघत नसेल तर ती कोणी धरली आहे हे शोधावे. विंडोजमधील रिसोर्स मॉनिटर या सोयीत फाईलचे नाव शोधल्यास संबंधित प्रोग्राम कळतो. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या मोफत संचात २०२२ पासून फाईल लॉकस्मिथ नावाचे याच कामाचे साधन उपलब्ध आहे. प्रोग्राम ओळखीचा असल्यास टास्क मॅनेजरमधून तो थांबवता येतो. मात्र त्यात न जतन केलेले काम असेल तर ते बुडते, हे लक्षात ठेवावे.

४. यानंतरचा मार्ग म्हणजे संगणक सेफ मोडमध्ये सुरू करणे. या अवस्थेत केवळ अत्यावश्यक प्रोग्राम चालतात. त्यामुळे इतर वेळी अडणारी फाईल येथे निघू शकते.

५. फाईल घातक प्रोग्रामची असल्याचा संशय आल्यास ती हाताने काढण्याचा हट्ट धरू नये. विषाणूरोधक प्रणालीकडून संपूर्ण तपासणी करवून घ्यावी. विंडोजच्या सुरक्षा प्रणालीत संगणक पुन्हा सुरू करून कार्यप्रणाली चालू होण्यापूर्वीच तपासणी करण्याची सोय आहे, ती अशा वेळी उपयोगी पडते.

एक इशारा येथे दिलाच पाहिजे. ‘कोणतीही फाईल क्षणात काढा’ अशी जाहिरात करणारी अनोळखी साधने उतरवून घेऊ नयेत. दूरध्वनीवरून मदत देऊ करणाऱ्या अपरिचित व्यक्तीच्या सांगण्यावरून आपला पडदा दुसऱ्यास दाखवणारे ॲप तर कदापि बसवू नये. एक फाईल काढण्याच्या नादात खातेच रिकामे होण्याचा धोका त्यात असतो.

डिलीट केल्यावर काय घडते?

समजा, फाईल निघाली. ती प्रथम रिसायकल बिनमध्ये जाते, म्हणजे टोपलीत टाकलेल्या कागदासारखी शाबूत राहते. शिफ्ट ही कळ दाबून डिलीट केल्यास टोपली वगळली जाते आणि संगणक ‘कायमची काढू का?’ असे विचारतो. या ‘कायमची’ शब्दाने मोठा गैरसमज होतो.

जुन्या काळातील जाडजूड खतावणी आठवावी. तिच्या आरंभी अनुक्रमणिका असे : अमुक खातेदार, अमुक पान. कोणी अनुक्रमणिकेतील ओळ खोडली आणि ते पान नव्या खातेदारास देता येईल असे नोंदवले, तर पानावरील आकडे पुसले जात नाहीत. नवा मजकूर त्यावर लिहिला जाईपर्यंत ते वाचता येतात. हार्ड डिस्कवर हेच घडते. जुन्या फॅट पद्धतीत तर काढलेल्या फाईलच्या नावाचे केवळ पहिले अक्षर बदलून तेथे एक खूण ठेवली जात असे. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीतही नोंद ‘वापरात नाही’ अशी होते आणि जागा मोकळी म्हणून जाहीर होते. मजकूर जागेवरच राहतो. तो परत मिळवून देणारी साधने बाजारात सहज मिळतात. चुकून काढलेले छायाचित्र परत मिळते ते याच कारणाने, आणि दुसऱ्याच्या हाती आपला पॅन क्रमांक लागतो तोही याच कारणाने.

अनुभव काय सांगतो?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलाट यांनी २००० ते २००२ या काळात १५८ वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. चालू स्थितीत असलेल्या १२९ डिस्कांपैकी नीट पुसलेल्या केवळ १२ होत्या. उरलेल्यांतून पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक मिळाले. एक डिस्क तर इलिनॉय राज्यातील एका एटीएम यंत्रातील होती. तिच्यात खातेक्रमांक, व्यवहारांच्या तारखा आणि शिल्लक रकमा जशाच्या तशा होत्या.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. मॉर्गन स्टॅनले या वित्तसंस्थेच्या संपत्ती व्यवस्थापन विभागाने जुनी उपकरणे मोडीत काढण्याचे काम माहिती नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या एका माल वाहतूक व साठवणूक कंपनीकडे सोपवले. त्यांतील काही उपकरणे ग्राहकांच्या माहितीसह इंटरनेटवरील लिलावात विकली गेली. सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीच्या रक्षणात कसूर झाल्याबद्दल अमेरिकेच्या रोखे नियामकाने सप्टेंबर २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलरचा दंड आकारला.

आपल्याकडेही हा प्रश्न नजीकचा आहे. विंडोज १० चे सर्वसाधारण मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि त्यामुळे पुष्कळ घरांतील संगणक बदलाच्या वाटेवर आहेत. दिल्लीतील नेहरू प्लेस, मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा बंगळूरचा एस. पी. रोड अशा बाजारांत जुन्या संगणकाला गिऱ्हाईक मिळते. संगणकाबरोबर त्यातील डिस्कही जाते, हे विकणाऱ्याच्या ध्यानी राहत नाही.

कायमचे पुसण्याचे मार्ग

कोणता मार्ग योग्य, हे साठवणुकीच्या प्रकारावर अवलंबून असते.

फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असल्यास जुन्या मजकुरावर नवा मजकूर लिहिणे हा खात्रीचा उपाय होय. पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधामुळे असे लेखन ३५ वेळा करावे लागते, असा समज रूढ झाला. आधुनिक डिस्कसाठी मात्र संपूर्ण डिस्कवर एकदा केलेले लेखन सर्वसाधारणपणे पुरेसे असते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१४ च्या आपल्या मार्गदर्शिकेत नमूद केले आहे.

एसएसडी आणि पेन ड्राइव्ह यांचे तंत्र निराळे आहे. त्यांतील स्मृतिपेशी लेखनाने झिजतात. ही झीज सर्वत्र सारखी वाटली जावी म्हणून उपकरण प्रत्येक नवे लेखन वेगळ्या जागी करते. त्यामुळे एकाच फाईलवर पुन्हा लिहिले, तरी मूळ प्रत दुसरीकडे शिल्लक राहू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०११ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले. अशा उपकरणासाठी उत्पादकाने पुरवलेली संपूर्ण पुसण्याची आज्ञा वापरावी.

सर्वांत उत्तम मार्ग आधीपासून तयारी करण्याचा. संगणक घेतानाच त्याची साठवण कूटबद्ध करावी, म्हणजे किल्लीवाचून मजकूर वाचता येऊ नये अशी करावी. विंडोजच्या काही आवृत्त्यांतील बिटलॉकर ही सोय हेच करते. संगणक देऊन टाकताना ती किल्ली नष्ट झाली, की उरलेला मजकूर निरर्थक अक्षरांचा ढीग ठरतो. त्यानंतर ‘रीसेट’ करताना सर्व काही काढण्याचा आणि ड्राइव्ह स्वच्छ करण्याचाही पर्याय निवडावा. त्यास वेळ अधिक लागतो, पण तो वेळ वाया जात नाही. अलीकडच्या मोबाईल फोनमध्ये साठवण मुळातच कूटबद्ध असल्याने फॅक्टरी रीसेट परिणामकारक ठरते. मेमरी कार्ड मात्र आठवणीने काढून घ्यावे. बंद पडलेली डिस्क पुसता येत नाही. ती वेगळी काढून मोडून घ्यावी आणि मगच अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी.

फाईलच्या इतर प्रतींचाही विचार करावा. ई-मेल, क्लाउडवरील साठा आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत या संगणक पुसल्याने जात नाहीत.

जे पुसू नये ते

पुसण्याइतकेच जपणेही महत्त्वाचे आहे. आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्यानुसार बँकांना व्यवहारांच्या नोंदी किमान पाच वर्षे जतन कराव्या लागतात. त्यामुळे कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन संगणकावरील फाईल ‘अडते’ म्हणून स्वतःच्या अधिकारात काढू नये. ते काम माहिती तंत्रज्ञान विभागाकडे सोपवावे. दुसरीकडे, उद्देश संपल्यावर आणि इतर कायद्याने जतन आवश्यक नसल्यास वैयक्तिक माहिती पुसली जावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मान्य केले आहे. ग्राहकांनीही कर, कर्ज किंवा विमा यांसंबंधीची कागदपत्रे पुसण्यापूर्वी त्यांची एक प्रत सुरक्षित ठेवावी.

आता पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात जाऊ. उतारा छापून झाला की तो उघडणारा प्रोग्राम आणि ब्राउझरचे पान बंद करावे, ई-मेलमधून रीतसर बाहेर पडावे आणि डाउनलोड्स फोल्डरमधील फाईल शिफ्टसह डिलीट करावी. ती अडल्यास दुकानदारास विनंती करून संगणक पुन्हा सुरू करवून घ्यावा. तरीही पुसलेला मजकूर त्या डिस्कवर काही काळ राहू शकतो, आणि परक्या संगणकावर याहून अधिक आपल्या हाती नसते. म्हणून शक्य असेल तेव्हा उतारा आपल्या शाखेतूनच छापून घ्यावा. जो कागद परक्या टेबलावर ठेवलाच नाही, तो तेथून उचलण्याची चिंता करावी लागत नाही.