हवा किती पेट्रोल पिते?

इंदापूर किंवा भिगवणजवळ पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेने तुम्ही कधी सायकल चालवली आहे का? मागून मोठा ट्रक येतो. तो शेजारी येताच सायकल बाहेरच्या बाजूला ढकलली जाते आणि ट्रक पुढे निघून जाताना तीच सायकल त्याच्याकडे ओढली जाते. असे का होते बरे?

अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, एका सायकलस्वाराला हाच प्रश्न पडला होता. त्यांचे नाव एडविन सॉल्ट्झमन. ते ‘नासा’च्या ड्रायडन केंद्रात विमानांना होणाऱ्या हवेच्या विरोधाचा अभ्यास करीत. त्यांच्या मनात आले, की हवा पुढून ढकलण्यात आणि मागे ओढत नेण्यात ट्रकचे किती इंधन खर्च होत असेल! १९७० नंतरच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका व्हॅनला सर्व बाजूंनी ॲल्युमिनियमचे सपाट पत्रे ठोकून तिचे बुटाच्या खोक्यासारखे ध्यान केले. मग तिच्या कडा गोल केल्या. एवढ्यानेच हवेचा विरोध निम्म्याहून अधिक कमी झाला!

याचे कारण घरीच पाहा. मोठ्या माणसांना जवळ बसवून एक मेणबत्ती लावा. तिच्यापुढे गोल बाटली ठेवून अलीकडून जोराने फुंका. ज्योत विझते. आता बाटलीऐवजी तेवढ्याच रुंदीचा सपाट पुठ्ठा धरा आणि फुंका. ज्योत विझत नाही. उलट तुमच्याकडेच झुकते. गोल बाटलीला हवा लपेटून जाते. पुठ्ठ्याच्या कडेशी मात्र ती तुटते, आणि मागे कमी दाबाचे भोवरे तयार होतात. हे भोवरे वस्तूला मागे खेचतात. सायकलला ओढणारेही तेच! भिगवणच्या बाजारातला मासा आठवा. पुढून गोलसर, शेपटीकडे निमुळता. पाणी असो वा हवा, तिला सहज वाट देणारा आकार हाच.

हिशेब करून पाहू

समजा, चार माणसे घेऊन एक लहान मोटार बारामतीहून इंदापूरला निघाली आहे. चाकांच्या घर्षणाचा विरोध सुमारे १० किलोग्रॅम वजनाइतका असतो आणि तो वेगाबरोबर फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाला तो सुमारे ४ किलोग्रॅम, ५४ ला साडेनऊ, तर ७२ ला १७ किलोग्रॅम भरतो. ताशी १८ किलोमीटरने जाणाऱ्या वाहनाला हाच विरोध ७२ च्या मानाने सोळापट कमी असतो. म्हणूनच रमतगमत कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉलीला गोल आकार देऊन काहीच साधणार नाही!

मोटारीचे वेड असलेली काही मंडळी घरच्या घरी असे बदल करतात. चाकांवर सपाट झाकणे बसवतात, पोटाखाली पत्रा लावतात, पुढची जाळी थोडी झाकतात, मागे निमुळते शेपूट जोडतात. समजा, या खटाटोपाने हवेचा विरोध एक दशांशाने घटला. ताशी ७२ च्या वेगाला एकूण २७ पैकी १.७ किलोग्रॅम वाचले, म्हणजे सुमारे ६ टक्के. पन्नास किलोमीटरला अडीच लिटर पेट्रोल लागत असेल, तर फार तर दीडशे मिलिलिटरची बचत!

आणि धोके? आपल्या उन्हाळ्यात जाळी झाकली तर इंजिन तापेल. पोटाखालचा पत्रा पहिल्याच गतिरोधकाला घासेल. सैल बांधलेला पुठ्ठा उडून एखाद्या सायकलस्वाराला लागेल. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही.

मग काहीच करायचे नाही का? करायचे तर! पण आधी जोडण्याऐवजी काढून पाहा. टपावर मोठे खोके असेल तर महामार्गावर ६ ते १७ टक्के इंधन जास्त लागू शकते, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची माहिती सांगते. तेव्हा लग्नसराईनंतर रिकामा राहिलेला टपावरचा कॅरियर उतरवून ठेवा. आणि वेग ७२ वरून ५४ वर आणला तर? एकूण विरोध २७ वरून साडेएकोणीस होतो, पाव हिश्श्याहून अधिक घट! वेळ जास्त लागतो तो फक्त चौदा मिनिटे. इंधनबचतीसाठी १९७८ मध्ये स्थापन झालेली ‘पी.सी.आर.ए.’ ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचा सल्ला देत आली आहे, तो का हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

तुम्हीच तपासा

घरच्या मोटारीवर हा प्रयोग वडीलधाऱ्यांना करायला सांगा आणि नोंदवही तुम्ही ठेवा. टाकी काठोकाठ भरून बारामती ते इंदापूर जाऊन परत यायचे आणि त्याच पंपावर पुन्हा टाकी भरायची. किती पेट्रोल मावले ते लिहा. एकदा कॅरियरसह, एकदा कॅरियरविना आणि पुन्हा एकदा कॅरियरसह. माणसे, वेग आणि चाकांतील हवेचा दाब तिन्ही वेळा सारखाच हवा. जाऊन-येऊन मोजल्याने वाऱ्याचा परिणाम बराचसा भरून निघतो. पहिला आणि तिसरा आकडा जुळले, तरच मधल्या आकड्यावर विश्वास ठेवा. न जुळले, तर तसेच लिहा आणि प्रयोग पुन्हा करा. खरा शोध नोंदवहीतल्या प्रामाणिक आकड्यांतूनच लागतो.