जाड नको, जड हवी!

व्हायोलिन हाताशी आलं, तर वाजवायच्या आधी त्याच्या चारही तारा नीट निरखून बघा. (शेजारीपाजारीही दुवा देतील.) चौघींची थरथरणारी लांबी सारखीच, तारांना उचलून धरणाऱ्या घोडीपासून मानेच्या वरच्या टोकापर्यंत साधारण 33 सेंटिमीटर. जाडीत फरक आहे, पण मिलिमीटरभरही नाही. तरीही सगळ्यांत खालच्या सुराची ‘जी’ (G) तार सेकंदाला 196 वेळा कंप पावते आणि सगळ्यांत उंच सुराची ‘ई’ (E) तार तब्बल 659 वेळा! हे जमतं कसं?

‘सोप्पंय, ई जास्त ताणली असेल,’ असं म्हणालात ना? ताणलेली असतेच थोडी. पण सगळं काम ताणावरच सोपवलं, तर जी इतकी ढिली पडेल की गज टेकवताच लोळण घेईल. खरी गंमत आहे वजनात. मारां मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने 1636 साली याचं गणित छापलं. लांबी आणि ताण तेवढाच ठेवून कंपनं निम्मी करायची, तर तार चौपट जड हवी. या हिशोबाने जी तार ईपेक्षा अकरा पटींहून अधिक जड लागेल!

‘मग लावा जाड तार, हाय काय आन् नाय काय!’ पूर्वी तेच करत. तेव्हा तारा कशाच्या असत, माहितेय? मेंढीच्या आतड्याच्या. ई! (ही तारेतली ई नव्हे, तुमच्या तोंडून निघालेली.) आतडं धुऊन, खरवडून, त्याच्या ओल्या पट्ट्या पिळून वाळवायच्या की झाली तार. उंच सुरांना ती झकास. पण खालच्या सुरासाठी ती सुतळीसारखी जाड करावी लागे आणि आवाज यायचा भसाडा.

का बरं? तार नुसती अखंड हलत नाही. त्याच वेळी ती अर्ध्या-अर्ध्या भागांत, एक तृतीयांश भागांत, आणखी बारीक भागांतही हलत असते. या बारीक कंपनांमुळेच सुराला चमक येते. जाड तार ताठ असते, तिला इतकी छोटी वळणं घेताच येत नाहीत. चमक गुल!

म्हणजे तार जड तर हवी, पण जाड आणि ताठ नको. युरोपातल्या कारागिरांना 1660च्या दशकाच्या सुमारास यावर तोड सापडली. आत लवचीक गाभा ठेवायचा आणि त्यावर धातूची बारीक तार गच्च गुंडाळायची. गुंडाळी वजन वाढवते, पण वाकायला आडवी येत नाही. मला विचाराल, तर व्हायोलिनमधली ही सगळ्यांत हुशार युक्ती आहे. गिटारच्या जाड तारेवर नख फिरवलंत तर खर्रर्र वाजतं, तीच ही गुंडाळी. व्हायोलिनवर मात्र नख सुळकन घसरतं, कारण तिथे चपटी पट्टी गुंडाळून गुळगुळीत केलेली असते. नाहीतर गज आणि बोटं दोन्ही अडखळली असती.

गुंडाळीला धातू कोणता, यावरही बरंच ठरतं. चांदी ॲल्युमिनियमच्या जवळजवळ चौपट जड. म्हणून जी तारेवर बहुधा चांदी असते.

दुकानात गेल्यावर खरा प्रश्न असतो तो गाभ्याचा. आतड्याच्या गाभ्याचा आवाज उबदार, पण तो हवेतला ओलावा पितो आणि सूर हलतो. कोकणातल्या जुलैत तो वापरायचं धाडस मी तरी करणार नाही. पोलादी गाभा सुराला पक्का, पण आवाजाला जरा तिखट. तिसरा नायलॉनच्या जातीचा. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्ड कंपनीने 1970च्या सुमारास ‘डॉमिनंट’ नावाच्या अशा तारा आणल्या आणि त्या जगभर पसरल्या. आतड्याचा गोडवा बराचसा राहतो आणि पावसाचा त्रास कमी. शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, असं माझं मत.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. बाहेरच्या पाकिटातल्या तारा जी, डी, ए, ई या सुरांसाठी बेतलेल्या असतात. आपले वादक मात्र सा आणि प यांच्या जोड्या लावतात आणि सा असतो गाणाऱ्याच्या गळ्याला सोसेल तो. तार एक पूर्ण स्वर खाली उतरवली, की तिचा ताण जवळजवळ एक पंचमांशाने घटतो. मग ती पिळपिळीत वाजते. अशा वेळी जास्त वजनाची तार मागायची. पाकिटांवर हलकी, मध्यम, भारी असे प्रकार लिहिलेले असतात. हिंदुस्थानी संगीत वाजवणाऱ्या डी. के. दातारांचं व्हायोलिन ऐका. एका सुरावरून दुसऱ्यावर बोट न उचलता ते कसं गळ्यासारखं गातं! ढिल्या तारेवर असली मींड घ्यायची म्हणजे मोठी कसरत.

नव्या तारा आणल्यात? मग चारही जुन्या एकदम काढू नका! व्हायोलिनच्या पोटात, घोडीच्या एका पायाजवळ, लाकडाची एक छोटी दांडी उभी असते. तिला ना डिंक, ना खिळा. तारांच्या दाबाने ती जागेवर राहते. दाब गेला की ‘टक्’ करून आडवी होऊ शकते, घोडी तर पडतेच, आणि दांडी पुन्हा उभी करायला कारागीरच गाठावा लागतो. म्हणून एक तार काढा, तिच्या जागी नवी लावा, सुरात आणा आणि मगच दुसरीला हात घाला.