जेमतेम हलणाऱ्या सांध्याचे दुखणे

मणक्यांची माळ कंबरेच्या खाली जेथे संपत येते, तेथील पाच मणके साधारणपणे वयाच्या पंचविशीपर्यंत एकमेकांत मिसळून उलट्या त्रिकोणाच्या आकाराचे एकच हाड तयार होते. या हाडाला त्रिकास्थी म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सुपासारखी पसरट अशी दोन श्रोणिफलके असतात, ज्यांच्या वरच्या कडा कमरेवर हात ठेवला असता बोटांना लागतात. त्रिकास्थी आणि श्रोणिफलक जेथे एकमेकांना भिडतात तो त्रिकश्रोणी सांधा होय. डॉक्टर, आणि त्यांच्याकडून ऐकून रुग्णही, त्याला ‘एसआय जॉइंट’ म्हणतात. डोके, हात आणि धड यांचा सगळा भार या दोन सांध्यांतून वाटला जाऊन पायांकडे उतरतो, आणि चालताना जमिनीकडून येणारा धक्का याच वाटेने उलट वर चढतो.

एवढे काम करणारा हा सांधा हलतो मात्र फारच थोडा. स्वीडनमधील संशोधकांनी रुग्णांच्या हाडांत टँटलम धातूचे बारीक मणी बसवून आणि निरनिराळ्या स्थितींत क्ष-किरण प्रतिमा घेऊन ही हालचाल मोजली, व १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत सांध्याचे फिरणे सरासरी अडीच अंशांच्या आसपास आणि सरकणे एक मिलिमीटरहूनही कमी आढळले. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश पुढे जातो, हे लक्षात घेतले म्हणजे अडीच अंश किती अल्प ते ध्यानात येते.

या सांध्याच्या दुखण्याचा वैद्यकीय इतिहास एकाच नियतकालिकाच्या पानांतून वाचता येतो. १९०५ साली गोल्डथ्वेट आणि ऑस्गूड या डॉक्टरांनी ‘बॉस्टन मेडिकल अँड सर्जिकल जर्नल’मध्ये श्रोणीच्या सांध्यांविषयी विस्ताराने लिहिले, आणि त्यानंतरची काही दशके कंबरदुखीचा दोष बहुधा याच सांध्याच्या माथी मारला गेला. पुढे त्या नियतकालिकाचे नाव ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ असे झाले, आणि त्यातच १९३४ साली मिक्स्टर व बार या शल्यविशारदांनी मणक्यांमधली चकती बाहेर येऊन मज्जातंतूंवर दाबते हे दाखवून दिले. तेव्हापासून सगळ्यांचे लक्ष चकतीकडे वळले व हा सांधा जवळजवळ विस्मृतीत गेला. सांध्यात अचूक इंजेक्शन देण्याचे तंत्र १९९० च्या दशकात रुळले, तेव्हा कुठे त्याची पुन्हा विचारपूस सुरू झाली. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या कंबरदुखीच्या रुग्णांपैकी साधारण १५ ते ३० टक्क्यांत वेदनेचे मूळ या सांध्यात असते, असा आज सर्वसाधारण अंदाज आहे.

निदान अवघड होते ते या दुखण्याच्या वागण्यामुळे. वेदना कुल्ल्यात जाणवते, कधी मांडीच्या मागून उतरते, कधी जांघेत येते, आणि त्यामुळे तिला सहज ‘सायटिका’ म्हटले जाते. एमआरआयमध्ये सांधा अनेकदा निर्दोष दिसतो, आणि चाळिशीनंतर बहुतेकांच्या चकत्यांत काही ना काही झीज सापडतेच, त्यामुळे प्रतिमेत दिसणाऱ्या निरुपद्रवी झिजेवर उपचार चालू राहतात आणि खरे मूळ बाजूला पडते. फॉर्टिन या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात मांडलेली खूण येथे उपयोगी पडते: पाठीच्या खाली दोन्ही बाजूंना ज्या खळ्या दिसतात, त्यांच्या किंचित खाली व आतल्या अंगाला रुग्ण एकाच बोटाने, पुन्हा पुन्हा तीच जागा दाखवत असेल, तर संशय या सांध्यावर घ्यावा. त्यानंतर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट मांडीवरून दाब देऊन, श्रोणिफलके दाबून किंवा फाकवून सांध्याला ताण देतात, आणि अशा पाच-सहा चाचण्यांपैकी किमान तीन चाचण्यांत नेहमीचीच वेदना उमटली तर निदानाला बळकटी येते. एका चाचणीवर विसंबता येत नाही. अंतिम खात्री क्ष-किरणांच्या मदतीने सांध्यात बधिर करणारे औषध सोडून केली जाते, कारण त्यानंतर काही तासांपुरती वेदना बहुतांशी निवळली तर मूळ सापडले असे मानता येते.

येथे एक भेद काटेकोरपणे करावा लागतो. सांध्यावरील भाराच्या बिघाडातून येणारे दुखणे वेगळे आणि सांध्याला आलेली सूज वेगळी. दुखण्याची सुरुवात पंचेचाळिशीच्या आत झाली असेल, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक काळ कंबर ताठरलेली राहत असेल, विश्रांतीने बरे वाटण्याऐवजी हिंडल्या-फिरल्यावर बरे वाटत असेल आणि पहाटेच्या सुमारास वेदनेने जाग येत असेल, तर तो अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या संधिवाताचा प्रारंभ असू शकतो. त्याच्यासाठी संधिवाततज्ज्ञ गाठावा लागतो, पट्टा आणि शेक यांवर तो थांबत नाही. क्षयाचे जंतूही या सांध्यात घर करू शकतात, ही गोष्ट भारतात विसरून चालत नाही. ताप, वजनातील घट, पूर्वीचा कर्करोग, वृद्धापकाळी पडण्याचे निमित्त, किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे व जांघेचा भाग बधिर होणे यांपैकी काहीही असेल तर तातडीने तपासणी झाली पाहिजे.

भाराच्या बिघाडाची कारणे अनेक आहेत: घसरून कुल्ल्यावर पडणे, दोन पायांच्या लांबीतला फरक, कंबरेचे मणके शस्त्रक्रियेने जोडल्यावर खालच्या सांध्यावर येणारा वाढीव ताण. गरोदरपण हे त्यांतले सर्वांत परिचित कारण आहे, कारण त्या काळात अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारे चिवट पट्टे, सैलावतात व पोटाचा भार पुढे सरकतो. साधारणपणे पाचांपैकी एका गर्भवतीला श्रोणीच्या पट्ट्यात वेदना होते, बाळंतपणानंतर काही महिन्यांत बहुतेकींची ती निवळते, काहींची मात्र वर्षानुवर्षे राहते.

‘हाड सरकले आहे, बसवून घ्या’ हा सल्ला मात्र या दुखण्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. उसण भरली की पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाकडून कंबरेला पाय लावून घेण्याची रीत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत होती, आणि तिचा लौकिक टिकण्याचे एक कारण असे की उसण बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरते. आधुनिक दवाखान्यात ‘कट्’ असा आवाज काढून सांधा बसवला जातो, तेव्हाही समजूत तीच असते. पण धातूच्या मण्यांच्या त्याच पद्धतीने १९९८ साली हे तपासले गेले, तेव्हा हाताळणीनंतर हाडांची जागा बदलली नसल्याचे आढळले. अशा उपचाराने काही काळ आराम वाटतो हे खरे, परंतु तो स्नायू सैलावल्याचा आराम असावा, आणि हाड वारंवार जागेवरून निसटते ही भीती मनात बसली की माणूस हालचालच टाळू लागतो, हे अधिक घातक.

सांधा कशामुळे स्थिर राहतो, याचे उत्तर नेदरलँड्समधील स्नायडर्स आणि फ्लेमिंग या संशोधकांनी दोन भागांत दिले. एक स्थैर्य आकारातून येते, कारण त्रिकास्थी दोन फलकांमध्ये पाचरीसारखी बसलेली असते व सांध्याचे पृष्ठभाग खाचाखोचांचे असतात. दुसरे ओढीतून येते, कारण कुल्ल्याचे मोठे स्नायू, पोटातील खोलवरचे स्नायू आणि पाठीचे स्नायू सांध्याला सभोवार आवळून धरतात. आकार बदलता येत नाही, ओढ वाढवता येते, आणि दीर्घकालीन व्यवस्थापनाचा सारा भर यावरच आहे. सेतुबंधासन, ओणव्याने हात व विरुद्ध पाय उचलणे, कुशीवर निजून गुडघा उघडणे असे व्यायाम कमी संख्येने सुरू करून आठवड्यागणिक वाढवावे लागतात, आणि फरक दिसायला दोन-तीन महिने द्यावे लागतात. त्रिकोणासनासारखी किंवा कंबरेला पीळ देणारी आसने दुखणे भडकलेले असताना बाजूला ठेवलेली बरी.

उरलेला भाग दिनचर्येचा आहे, आणि मराठी घरात तो सोपा नाही. एका पायावर भार आणि दोन पायांची विषम स्थिती या सांध्याला सोसत नाही. कडेवर मूल, एका हातात भरलेली बादली, एका पायावर उभे राहून पायजमा चढवणे, स्कूटरला किक मारणे, खड्ड्यांतून दुचाकीचा प्रवास, पाटावर मांडी घालून तासभर बसणे, हे सगळे त्यातच मोडते. म्हणून कपडे बसून घालावेत, गाडीतून उतरताना दोन्ही पाय एकत्र बाहेर काढावेत, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, ओझे दोन हातांत विभागावे. पट्टा बांधायचाच तर तो नेहमीसारखा कंबरेला न बांधता तिच्या खाली, कुल्ल्यांभोवती आवळावा, आणि तोही थोड्या काळासाठी. बरे वाटणाऱ्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकून पुढचे तीन दिवस अंथरुणात काढणे हा या रुग्णांचा ठरलेला फेरा असतो. चांगल्या दिवशीही कामाला मर्यादा आणि वाईट दिवशीही थोडेसे चालणे, एवढ्यानेच तो तुटतो.

वेदनाशामक गोळ्या थोड्या दिवसांसाठी ठीक, पण महिनोन्‌महिने घेतल्यास पोट व मूत्रपिंड यांना अपाय करतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचा परिणाम आठवडे किंवा काही महिने टिकतो. सांध्याकडून संवेदना नेणारे बारीक तंतू रेडिओलहरींच्या उष्णतेने निकामी करण्याचा उपाय त्याहून अधिक काळ पुरतो, तरी ते तंतू पुन्हा वाढतात. सांधा धातूच्या रोपणांनी कायमचा जोडण्याची शस्त्रक्रिया आता छोट्या छेदातून होते, परंतु इतर सारे उपाय थकल्यावर आणि इंजेक्शनने निदान पक्के झाल्यावरच तिचा विचार व्हावा.

बाहेरून धडधाकट दिसणारी तरुण स्त्री किंवा पुरुष पंगतीत, पूजेला किंवा सत्यनारायणाच्या कथेला खाली न बसता खुर्ची मागतो, तेव्हा ‘या वयात?’ हा प्रश्न ठरलेला असतो. खुर्ची द्यावी, प्रश्न विचारू नये.