तिसरं पेडल

पोर्शे ९११ जीटी३ची ऑर्डर देताना ग्राहकाला ठरवावं लागतं, की गाडीत पेडलं दोन हवीत की तीन. २०२१ साली आलेल्या पिढीचे आकडे कंपनीने उघडपणे मांडले होते. दोन्ही प्रकारांत ४ लिटरचं, ५१० अश्वशक्तीचं तेच इंजिन. दोन क्लचांचा, स्वतःहून गिअर बदलणारा पीडीके गिअरबॉक्स घेतला, तर गाडी शून्यावरून ताशी १०० किलोमीटरला ३.४ सेकंदांत पोचते. सहा गिअरांचा, हाताने टाकायचा गिअरबॉक्स घेतला, तर ३.९ सेकंद लागतात. मॅन्युअल गाडी १७ किलोंनी हलकी आहे, आणि तरीही अर्धा सेकंद मागे. शर्यतीच्या मैदानासाठी बांधलेल्या गाडीत हा अर्धा सेकंद फार मोठा असतो. तो स्वखुशीने सोडून देणारे लोक जगभर आहेत, आणि त्यांच्या हट्टापायीच बंद झालेला गिअरबॉक्स पोर्शेला परत आणावा लागला.

हा अर्धा सेकंद नेमका कुठे जातो? हाताने गिअर बदलताना ॲक्सिलरेटर सोडावा लागतो, क्लच दाबावा लागतो, दांडा एका गिअरमधून काढून न्यूट्रलमधून दुसरीकडे न्यावा लागतो. तिथे पितळी कडं नव्या गिअरच्या शंकूवर घासून दोघांचे फेरे जुळवतं, दाते बसतात, मग क्लच सुटतो. एवढा वेळ इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचतच नाही. पीडीकेमध्ये एक क्लच १, ३, ५, ७ हे विषम गिअर सांभाळतो आणि दुसरा सम. गाडी तिसऱ्यात धावत असतानाच चौथा जोडून तयार असतो. बदलायचं म्हणजे एक क्लच सोडत जायचा आणि त्याच क्षणी दुसरा पकडत जायचा. चाकांवरचा जोर जवळजवळ तुटतच नाही. कितीही कसलेला चालक असो, त्याच्या हातापायांना हे साधणार नाही. वेगाच्या मुद्द्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तो कधीच मिटला आहे.

दोन क्लचांची कल्पना आदोल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याची. रशियाच्या झारच्या मोटारखान्यात काम केलेल्या या माणसाने १९३९ साली ती मांडली, पण युद्ध आलं आणि १९४३ मध्ये तो वारला. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी दोन क्लचांची पकड क्षणाक्षणाला सांभाळणारं नियंत्रण हवं होतं आणि ते त्या काळी नव्हतं. १९८०च्या दशकात पोर्शेच्या वाइसाख इथल्या संशोधन केंद्राने ती कल्पना शर्यतीच्या ९५६ आणि ९६२ या गाड्यांवर आजमावली. पीडीके जड होता, बिघडायचा. तरी १९८६ साली मोंझाला हान्स-योआखिम श्टुक आणि डेरेक बेल यांनी त्याच गिअरबॉक्सवर शर्यत जिंकली. रस्त्यावरच्या गाडीत दोन क्लच आणण्याचा मान मात्र फोक्सवॅगनने पटकावला, २००३च्या गोल्फ आर३२मध्ये. ९११ला पीडीके मिळायला २००८ उजाडलं.

दरम्यान फॉर्म्युला वनमध्ये वेगळ्या वाटेने हेच घडत होतं. फेरारीचा रचनाकार जॉन बर्नार्ड याला चालकाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे होते, आणि दांड्याची जागा वाचली तर गाडीचं अंगही निमुळतं करता येणार होतं. त्याने गिअर बदलायच्या पट्ट्या स्टिअरिंगच्या मागे बसवल्या. १९८९च्या मोसमातल्या पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, नायजेल मॅन्सेलने ती गाडी घेऊन विजय मिळवला. पुढच्या सहा-सात वर्षांत सगळ्या संघांनी दांडा काढून टाकला. १९९७ मध्ये फेरारीने त्या पट्ट्या एफ३५५ या रस्त्यावरच्या गाडीत आणल्या. २००९च्या ४५८ इटालियाला तर तिसरं पेडल मिळालंच नाही. धातूच्या जाळीतून दांडा फिरताना येणारा तो खणखणीत आवाज ही एके काळी फेरारीची ओळख होती. कंपनीने ती किती सहज सोडली, याचं आजही वाईट वाटतं.

पोर्शेने तेच केलं २०१३ साली. जिनिव्हाच्या प्रदर्शनात नवी जीटी३ आली ती फक्त पीडीके घेऊन. ४७५ अश्वशक्ती, ९००० फेऱ्यांपर्यंत चढणारं इंजिन, मागची चाकंही वळवणारी यंत्रणा. मोजता येण्याजोग्या प्रत्येक बाबतीत ती जुन्या जीटी३पेक्षा सरस होती. जीटी गाड्यांचे प्रमुख आंद्रेआस प्रॉयनिंगर यांच्या पथकाचा हिशेब सरळ होता: ही गाडी ट्रॅकवर वेगवान ठरण्यासाठी आहे आणि पीडीके वेगवान आहे. हिशेबात चूक नव्हती. तरीही जुन्या ग्राहकांपैकी पुष्कळ जण नाराज झाले. त्यांना हवं होतं ते घड्याळात मोजलं जात नव्हतं.

वाइसाखचं उत्तर २०१६ मध्ये आलं, ९११ आर. तिच्यात जीटी३ आरएसचंच ४ लिटरचं ५०० अश्वशक्तीचं इंजिन होतं, पण मागचा मोठा पंख काढलेला, वजन ५० किलोंनी कमी, १३७० किलो, आणि गिअरबॉक्स फक्त सहा गिअरांचा मॅन्युअल. आरएस १००ला पोचायची ३.३ सेकंदांत, हलकी असूनही आरला ३.८ लागायचे. गाड्या बनल्या ९९१. त्या जाहीर होताच संपल्या आणि लवकरच मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने हात बदलू लागल्या. त्या भावात सट्टेबाजी होती, हे खरं. पण सट्टासुद्धा लोकांना ज्याची ओढ असते त्याच वस्तूवर लागतो.

या नावामागे एक विलक्षण योगायोग आहे. मूळ ९११ आर ही १९६७ची शर्यतीची गाडी, वीसेकच बनल्या. त्याच वर्षी न्यूर्बुर्गरिंगवर ८४ तास चालणाऱ्या ‘मॅराथॉन द ला रूत’ स्पर्धेत व्हिक एल्फर्ड, हान्स हेरमान आणि योखेन नेअरपाश यांनी तिच्यावर विजय मिळवला. त्या गाडीत क्लचचं पेडलच नव्हतं. तिच्यात स्पोर्टोमॅटिक होतं, पोर्शेचा पहिला अर्धस्वयंचलित गिअरबॉक्स. दांड्याला हात लागला, की आतला स्विच दाबला जायचा आणि निर्वात दाबावर चालणारी यंत्रणा क्लच सोडवायची. चालकाने फक्त दांडा हलवायचा. म्हणजे डावा पाय मोकळा करून सिद्ध झालेल्या गाडीचं नाव पोर्शेने जवळपास पन्नास वर्षांनी डाव्या पायाला काम परत देणाऱ्या गाडीला दिलं. पोर्शेमध्ये या दोन्ही ओढी सुरुवातीपासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस पोर्शेने विकसित केलेली सिंक्रोनायझरची रचना पुढे अल्फा रोमिओ, फेरारी यांच्यासारख्यांनीही वापरली. हाताने गिअर टाकणं सोपं करण्यातही या कंपनीचा मोठा वाटा आहे.

तर मग तिसऱ्या पेडलातून मिळतं काय? वळणाआधी गिअर उतरवण्याची क्रिया पाहिली, तर हे नीट समजतं. समजा, गाडी चौथ्यात वेगाने वळणाकडे येते आहे आणि वळणातून बाहेर पडताना तिसरा हवा आहे. उजव्या पायाने ब्रेक लावलेला, डाव्याने क्लच दाबलेला, हात दांड्यावर. तिसऱ्या गिअरला त्याच वेगासाठी इंजिनाचे फेरे जास्त लागतात. ते न वाढवता क्लच सोडला, तर मागच्या चाकांना हिसका बसतो, आणि वजन पुढे झुकलेलं असताना बसलेला हिसका गाडी फिरवू शकतो. म्हणून ब्रेकवरचा पाय न उचलता त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला क्षणभर रेस द्यायची. याला हील-अँड-टो म्हणतात. ब्रेकचा दाब कमी-जास्त होता कामा नये, रेस नेमकी तेवढीच हवी, क्लच त्याच क्षणी सुटायला हवा. जमलं, की गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसतो आणि गाडीला पत्ताही लागत नाही. नाही जमलं, तर सगळी गाडी चालकाला तसं सांगते.

या सांगण्यातच त्या आनंदाचं मूळ आहे. पट्टी ओढली की पीडीके दर वेळी तोच अचूक बदल करून देतो, चालक पहिल्या दिवशीचा असो की विसाव्या वर्षीचा. मॅन्युअलमध्ये मात्र कालच्यापेक्षा आजचा बदल चांगला होऊ शकतो. ताशी ६० किलोमीटरनेही ते कळतं, आणि म्हणूनच ही गोष्ट स्पोर्ट्स कारला फार महत्त्वाची आहे. आजची जीटी३ दुसऱ्याच गिअरमध्ये बहुतेक देशांची वेगमर्यादा ओलांडते. तिचं पूर्ण सामर्थ्य सार्वजनिक रस्त्यावर वापरताच येत नाही. अशा वेळी कायद्याच्या आत राहून चालकाच्या हातापायांना खरं काम देणारा तिच्यातला भाग म्हणजे गिअरबॉक्स. ट्रकच्या जुन्या चालकांना हे वेगळं सांगावं लागणार नाही. सिंक्रोनायझर नसलेल्या गिअरबॉक्सवर घाट चढवताना ते डबल क्लच मारायचे, म्हणजे एका बदलासाठी क्लच दोनदा दाबायचे, ते गरज म्हणून. पण गिअर बिनआवाज बसला, की चेहऱ्यावर दिसायचं.

वाइसाखच्या अभियंत्यांनी ही गोष्ट पुढे गंभीरपणे घेतली. २०१७ मध्ये जीटी३ला मॅन्युअल परत मिळाला. २०२३च्या ९११ एस/टीमध्ये त्यांनी ५२५ अश्वशक्तीच्या इंजिनाला हलका क्लच आणि एकसंध हलकं फ्लायव्हील जोडलं. फिरत्या भागांचं वजन साडेदहा किलोंनी उतरलं. जड फ्लायव्हील फेरे धरून ठेवतं. ते हलकं केलं, की पाय दाबताच इंजिन उसळतं आणि सोडताच कोसळतं. चालकाच्या प्रत्येक हालचालीला उत्तर लगेच मिळतं, आणि त्याची चूकही तेवढीच लवकर उघडी पडते. गाडी उभी असताना गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येते ती याचीच किंमत. एकूण १९६३ एस/टी बनल्या, त्यांतली एकही पीडीकेसह नाही. निव्वळ चालवण्याच्या आनंदासाठी एखाद्या मोठ्या कंपनीने इतकं बारकाईने काम करावं, ही मोटारींच्या इतिहासातली खरोखर सुंदर गोष्ट आहे.

इतरांचं चित्र संमिश्र आहे. १९५३ची पहिली कॉर्व्हेट फक्त दोन गिअरांच्या ऑटोमॅटिकवर आली होती आणि त्यावरून टीका झाली. १९५५ मध्ये तिला मॅन्युअल मिळाला. २०१९ मध्ये इंजिन मध्यभागी गेलेली आठवी पिढी आली आणि मॅन्युअल पुन्हा गेला. टोयोटाची सुप्रा २०१९ला फक्त ऑटोमॅटिक होती, तीन वर्षांनी तिला सहा गिअर हाताने टाकायला मिळाले. रचनाकार गॉर्डन मरेच्या टी.५० या हजार किलोंहून हलक्या गाडीत १२,१०० फेऱ्यांपर्यंत जाणारं व्ही१२ इंजिन आहे आणि सोबत दांडा व क्लच. पण तशा रस्त्यावरच्या गाड्या १००च. सामान्य माणसाच्या आवाक्यातलं उदाहरण माझदा एमएक्स-५चं. १९८९पासून आजवर तिने छोट्या झोक्याचा दांडा सोडलेला नाही, आणि २०१६ मध्येच तिने दहा लाखांचा टप्पा गाठला.

भारतात हा प्रश्न स्पोर्ट्स कारपेक्षा घरच्या गाडीतून आला. २०१४च्या मारुती सेलेरिओने स्वस्त एएमटी आणला. तो म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि दांडा यंत्राने हलवायचा. शहरातल्या कोंडीत तासन् तास हाफ क्लचवर गाडी रेटणाऱ्यांना तो वरदानच वाटला, आणि ते योग्यच आहे. कोंडीत तिसऱ्या पेडलात कसलाही आनंद नाही. पुण्याजवळच्या चाकणमध्ये मात्र जीटी३च्या गोष्टीची एक लहान आवृत्ती घडली. तिथे बनणारी पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये फक्त सात गिअरांच्या डीएसजीसह, म्हणजे दोन क्लचांच्या गिअरबॉक्ससह आली. २०२२ मध्ये त्याच कारखान्यातून दीड लिटरच्या टर्बो इंजिनाची व्हर्टस जीटी प्लस निघाली, तीही डीएसजीचीच. पुढच्या वर्षी तिला सहा गिअरांचा मॅन्युअल मिळाला.

पुन्हा पोर्शेकडे वळू. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीचा चालक यॉर्ग बेर्गमायस्टर याने सुधारित जीटी३ मॅन्युअल गिअरबॉक्ससह न्यूर्बुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरच्या फेरीवर ६ मिनिटं ५६.२९४ सेकंदांत फिरवली. आधीच्या जीटी३ने पीडीके घेऊन २०२१ साली नोंदवलेल्या वेळेपेक्षा ही साडेतीन सेकंदांनी सरस. टायर, सस्पेंशन आणि हवेचा दाब साधणारी रचना यांचं श्रेय त्यात मोठं आहे.

मॅन्युअलची पुढची अडचण वेगळ्या बाजूने येते आहे. २०२४च्या ९११ जीटीएसमध्ये पोर्शेने हायब्रिड यंत्रणा आणली आणि तिची विजेची मोटर पीडीकेच्या कवचातच बसवली. त्या गाडीला मॅन्युअल मिळत नाही. ह्युंदाईने २०२३च्या आयोनिक ५ एन या विजेच्या गाडीत आठ गिअरांचा भास निर्माण केला आहे. पट्टी ओढली की मोटर क्षणभर जोर कमी करते, हिसका देते, आवाज बदलते. आत गिअर नसतातच. सध्या ९११ कुळात हाताने गिअर टाकायचे, तर बिनहायब्रिड जीटी३ घ्यायची किंवा करेरा टी. करेरा टीमध्ये दुसरा गिअरबॉक्स नाहीच. तिच्या दांड्यावरची मूठ अक्रोडाच्या लाकडाची आहे.